झटकेमामांचा अंगठा

धक्क्यावर सगळे त्यांना झटकेमामा म्हणत. जुन्या लाँचचं इंजिन रुसलं की लोक त्यांनाच गाठत, आणि मामांची तपासायची तऱ्हा जगावेगळी होती. मीटर-बिटर त्यांना चालत नसे. प्लगची वायर काढायची, तिच्या टोकावर अंगठा ठेवायचा आणि मालकाला हँडल फिरवायला सांगायचं. झटका मनगटापर्यंत आला तर ठिणगी अशक्त, कोपरापर्यंत गेला तर ठणठणीत. शहाण्या माणसाने असलं काही करू नये, पण मामांना शहाणपण सांगणार कोण?

गेलं वर्षभर मात्र त्यांची एकच कुरकुर चालली होती. ठिणगी देणाऱ्या हल्लीच्या कॉइलींमध्ये म्हणे दमच राहिला नाही.

त्या सकाळी एक लाँच ओढत आणली होती. मामांनी झाकण उघडलं, खाऱ्या हवेने काळे पडलेले पॉइंट घासून चकचकीत केले आणि वायरीवर अंगठा ठेवला. लाँचवाल्याने हँडल मारलं. काहीच नाही. कॉइल गेली, असा मामांनी निकाल दिला. दुसरी जोडली, तरी तेच. कंडेन्सर बदलला, वायर बदलली. जेवायची वेळ झाली, लाँचवाला घामाघूम झाला आणि मामांचं तर डोकंच चालेना. ज्या कामावर उभा जन्म काढला तेच आता हातचं निसटतंय की काय, अशी भीती त्यांना वाटू लागली होती.

तेवढ्यात मामी डबा घेऊन आल्या. मामांनी त्यांच्या हातात वायर दिली. मेलेलीच आहे, नुसती बाजूला धर म्हणाले आणि स्वतः हँडल मारलं. मामी किंचाळल्या. डबा खाली पडला.

"अहो, जीव घेताय का माझा?"

लाँचवाला हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी वायर घेतली, अंगठ्यापासून जराशी दूर धरली आणि त्याला हँडल मारायला सांगितलं. निळी ठिणगी चटचट वाजत त्यांच्या अंगठ्यावर उडत होती. ती त्यांना दिसत होती, ऐकू येत होती. लागत मात्र नव्हती.

बिघाड काळ्या पडलेल्या पॉइंटचा होता आणि ते घासले तेव्हाच तो दूर झाला होता. मामांना हे झाकता आलं असतं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता.

"तुमची कॉइल चांगली आहे," ते म्हणाले. "गेलाय तो माझा हात."

जुनी कॉइल परत बसवली, आणि इंजिन एका हँडलात सुरू झालं. लाँचवाला ओशाळून, वयापुढे कुणाचं चालतं, असं काहीतरी पुटपुटला आणि निघाला. ही बातमी आता धक्काभर होणार हे मामांना ठाऊक होतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मामींनी त्यांना बाकावर बसवून डोळे मिटायला लावले. केसातली पिन काढून त्या एकेका बोटाला टोचत विचारत गेल्या. कळतंय का? करंगळीला मामा गप्प राहिले, मधल्या बोटालाही गप्पच. विचारता विचारता मामींचा आवाज कापायला लागला. त्यांनी अंगठा हातात धरला असेल अशा अंदाजाने मामा घाईघाईने म्हणाले, "हां, इथे कळतंय. चांगलं कळतंय."

मामींनी पिन अजून टेकवलीच नव्हती.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात घट्ट धरून बसल्या.