शिकलगार मॅडम आणि मोबाइलवरचा ध्यानवर्ग

डॉ. शमीम शिकलगार यांची माझी पहिली भेट सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या बालविभागात झाली. मी समुपदेशक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मॅडम पाटणच्या एका मुलीच्या खाटेवर बसून, घरी गेल्यावर आधी काय खायचं हे तिच्याशी ठरवत होत्या. मला म्हणाल्या, "बसा, एवढं महत्त्वाचं काम उरकते."

आजारी मुलं घरी जातात तेव्हा त्यांची भीतीही सोबत जाते, हे मॅडमना सलत असे. त्यातून मोबाइलवरच्या ध्यानवर्गाची कल्पना निघाली. पण हे मुलांना झेपेल का, रेंज मिळेल का, घरात निवांत कोपरा असेल का, ते आधी काही मुलांसोबत तपासून अहवाल लिहायचा, हा त्यांचा आग्रह.

वर्ग सुरू झाले आणि मुलं गळू लागली. "राहिलेत त्यांच्यावरच अहवाल लिहू," असं काही सहकाऱ्यांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "खरं उत्तर गेलेल्यांकडेच आहे. ते ऐकायला नको?" आणि त्यांनी स्वतः घरोघरी फोन लावले.

कुंडलची अश्विनी डायलिसिसवर होती. आधी तिनं टाळाटाळ केली, मग म्हणाली, "आवं मॅडम, डोळं मिटलं की सुईच दिसती. लय भ्या वाटतं."

मॅडम म्हणाल्या, "मग नको मिटूस. आत्ता काय ऐकू येतंय?"

"म्हस वरडतीया. आई भांडी घासतीया."

"तेच ऐक. मीही ऐकते."

त्यानंतर वर्गात डोळे मिटायची सक्ती राहिली नाही. काही मुलं परतली, काही नाही. 'वर्ग चालू शकतो, पण आम्ही आखला होता तसा नाही,' असं मॅडमनी अहवालात स्पष्ट लिहिलं. पुढच्या खेपेला सुई टोचताना अश्विनी पंख्याचा आवाज ऐकत राहिली, शेजारची मुलगी रडू लागली तेव्हा तिलाही म्हणाली, "पंखा ऐक गं."

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी रोजा असूनही मॅडम माझ्याजवळ बसून होत्या. संध्याकाळी रोजा सोडताना त्यांनी पहिला खजूर माझ्याच हातावर ठेवला.

आज मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना काय सांगू, असं मी परवा अश्विनीला विचारलं. ती म्हणाली, "म्हणावं, आता सोताचं बीपी बी बघत जावा. तुमी आमाला लय वरसं पायजे."

आम्हा सर्वांचं मागणं याहून वेगळं नाही.