मास्तरांच्या जागी सॉफ्टवेअर

माझ्या दुकानावर पाटी झेरॉक्सची आहे, पण निम्मे लोक येतात ते फुकटचा सल्ला घ्यायला. लॅपटॉप कोणता घेऊ, प्रिंटर कुठला चांगला, असं तासभर विचारतात आणि शेवटी मेव्हण्यानं सांगितलेलाच घेतात. त्यामुळे सल्ला म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, दुकानात आले. नेहमीसारखे बाकावर न बसता गिऱ्हाईकासारखे काउंटरपाशी उभे राहिले. घोड्यांच्या रेसचं म्हणे सॉफ्टवेअर मिळतं, कुठला घोडा येईल ते आधीच सांगतं, ते घेण्यासारखं आहे का, असं त्यांनी विचारलं. मला आधी हसू आलं, मग राग आला. मग लक्षात आलं, की ते मास्तरांच्या, म्हणजे त्यांच्या गेलेल्या मित्राच्या, जागी बसवायला काहीतरी शोधताहेत. त्यानंतर मला काम सुचेना.

तात्या नालबंद. साखर कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना नाल ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. जनावर दिसलं की त्यांची नजर पहिल्यांदा पायाकडे जाते. माणसाच्याही पायाकडे जाते, माझ्या बायकोला लग्नाआधी बघायला गेलो तेव्हासुद्धा गेली होती. मास्तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, मिशनच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पुण्याला रेसचा हंगाम सुरू झाला, की रविवारी ही जोडी एसटीनं निघायची. रविवारची उपासना सोडून रेसला जातात म्हणून चर्चचे पाळकसाहेब मास्तरांना टोचून बोलायचे. मी शनिवारीच आगाऊ प्रार्थना करून ठेवतो, असं मास्तर त्यांना गंभीरपणे सांगायचे.

त्यांची एक रीत होती. मास्तर रेसचं इंग्रजी पुस्तक वाचणार, तात्या घोडे फिरवतात त्या रिंगणाशी उभे राहून पाय बघणार. मग दोघांनी आपापला घोडा सांगायचा. दोघांचा घोडा एकच निघाला, तर त्या शर्यतीत पैसे लावायचे नाहीत. दोघांचं एकमत झालं म्हणजे दोघंही झोपेत आहेत, असं मास्तरांचं म्हणणं. मतं वेगळी पडली तरच भांडायचं, आणि भांडणात जो टिकेल त्याच्या घोड्यावर किरकोळ लावायचं. बहुतेक वेळा तो घोडा यायचा नाही. मग कुणामुळे आला नाही यावरून पुण्यापासून नेवासा फाट्यापर्यंत वाद. घरात शिरेपर्यंत तात्यांचा घसा बसलेला असे. आई म्हणायची, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

मास्तर उन्हाळ्यात गेले. त्यांना माती देऊन आल्यावर तात्या आठवडाभर फार बोलले नाहीत, आणि नंतरही फार बोलले नाहीत. रविवार आला की इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी तो काढून ठेवायचे. मला ते बघवत नसे. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. माझ्याशी ते इतकं कधीच भांडले नव्हते.

सॉफ्टवेअरची मी चौकशी केली. विकणारा फोनवर हिंदीत बोलत होता आणि मला सारखा सर म्हणत होता. घोड्याच्या मागच्या धावा, जॉकी, मैदान ओलं की कोरडं, आणि मुख्य म्हणजे पाठीवरचं वजन, हे सगळं मोजून ते घोड्यांची क्रमवारी लावतं. ही वजनाची भानगड मला तेव्हाच कळली. चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन चढवतात, म्हणजे कच्च्या घोड्यालाही संधी मिळते. मी त्याला विचारलं, जिंकणारा घोडा आधीच कळत असेल तर तुम्ही ते विकत का बसलात? त्यानं न रागावता चार दिवस फुकट वापरून बघायला दिलं. माझं मत तेव्हाच झालं होतं, की असली वस्तू घेऊ नये. पण तात्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. सॉफ्टवेअर मोबाईलवर घेतलं आणि रविवारी मीच त्यांच्याबरोबर निघालो.

रेसकोर्सवर पोचल्यावर ते बदलले. पाठ सरळ झाली. गर्दीतून वाट काढत रिंगणाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले, घोडे पुरते दोनदा फिरू दिले आणि मला म्हणाले, चार नंबर पुढचा उजवा पाय जपून टाकतोय, त्याचं काही खरं नाही. सात नंबर बघ. मी मोबाईल बघितला. सॉफ्टवेअरनं चार नंबर सगळ्यांच्या वर ठेवला होता.

"मशीन काय म्हनतंय?" त्यांनी विचारलं.

"चार."

"का पन?"

मी टक्केवारी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तू काय म्हनतो?"

मला काय म्हणायचं असणार? मला सगळे घोडे सारखेच दिसत होते. तुम्ही म्हणाल तसं, असं मी म्हणालो. त्यांनी कठड्यावरचा हात काढला आणि या शर्यतीला काही लावायचं नाही म्हणाले.

चार नंबर पहिला आला. मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या. तात्या, मशीन बरोबर निघालं, असं ओरडलोसुद्धा. आला व्हय, एवढंच ते म्हणाले. पुढच्या शर्यतींत मशीन कधी बरोबर आलं, कधी साफ आपटलं. आपटल्यावर ते काय सांगतं, असं त्यांनी एकदा विचारलं. काही नाही, पुढच्या शर्यतीचे आकडे दाखवतं, मी म्हणालो. शेवटची शर्यत न बघताच आम्ही निघालो.

स्टँडवर आमची गाडी लागली तेव्हा झुंबड उडाली होती. तात्यांनी खिडकीतून उपरणं टाकून सीट धरली आणि या वयात कोपर मारत आत घुसले. मी पाण्याची बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून एका माणसाशी हुज्जत घालत होते, की ही जागा धरलेली आहे, माणूस येतोय. मी उपरणं उचलून बसलो. त्या माणसानं नाक मुरडलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी जागा धरली, म्हणून मी मनात सुखावलोही होतो.

गाडी शहराबाहेर पडल्यावर कंडक्टर आला. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, तेव्हा आधार कार्ड काढता काढता तात्या सवयीनं म्हणाले, "दोन म्हातारे. नेवासा फाटा."

कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. "दुसरे कुठंयत, बाबा?"

तात्यांनी शेजारी बघितलं. मी दिसलो. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला परत कधी बघायला नको. जागा कुणासाठी धरली होती ते मला तेव्हा कळलं. एक ज्येष्ठ आणि एक फुल द्या, असं मी कंडक्टरला हळूच सांगितलं आणि पैसे काढले. तात्या पार कानकोंडे होऊन खिडकीबाहेर बघत राहिले.

शिरूर गेलं. घोडनदीचा पूल ओलांडून गाडी आपल्या जिल्ह्यात आली. मी विषय काढायचा म्हणून विचारलं, की मग सॉफ्टवेअर घ्यायचं का. त्यांनी मान हलवली, नको. बरंच पुढे गेल्यावर, सुप्याच्या आसपास, ते आपणहून बोलले.

"चार नंबर लबाडीनं आला. पाय दुखत हुता त्याचा. मी सांगतो तुला."

त्यांचा आवाज एकदम जुना वाटला. ते माझ्याकडे वळून बसले होते, एक बोट वर करून, आणि वाट बघत होते. मला इतकं बरं वाटलं, की मी घाईघाईनं म्हणालो, "बरोबर आहे तात्या. लबाडीनंच आला."

ते बोट तसंच थोडा वेळ वर राहिलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला, व्हय म्हणाले आणि खिडकीकडे वळले. नाही म्हणायला हवं होतं, हे मला नगरच्या अलीकडे सुचलं. तोवर त्यांनी डोळे मिटले होते. त्यांना झोप लागलेली नव्हती, पण फाटा येईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.