बोंडअळीच्या गाण्यातली मोकळी जागा

माझ्या अल्बमला कंपनी नव्हती. गाणी माझी, गळा माझा, पेटी माझी आणि खांद्याला पिशवी अडकवून मोताळ्याच्या बाजारात सीडी विकणाराही मीच. लग्नात, गणपतीत विनोदी गाणी म्हणणं हा माझा धंदा. घरच्यांच्या मते उनाडक्या.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली. बीटी बियाणं विकणाऱ्याची हमी अशी, की अळी बांधालाही शिवणार नाही. इथे बोंड उघडावं तर आत बाईसाहेब मुक्कामाला! मी गाणं रचलं. अळी म्हणजे जावई, न बोलावता आलेला आणि जायचं नाव न काढणारा. बाबांनी ते ओसरीवरून ऐकलं.

"लोकाइचं वाटोयं झालं अन् तुले गानं सुचते?" एवढंच बोलले आणि मग जवळजवळ मुकेच झाले. जेवायला हाक मारली की "हाव", चहा विचारला की "हाव". अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा माणूस तो. मला त्यांची भीती नाही, त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटू लागली. गाणं अल्बममध्ये घातलं तर ते कायमचे तुटतील, असं वाटायचं. तरी घातलं. ज्यानं रडू येतंय त्यावर हसवायचं नाही, तर काय पेढ्या-बर्फीवर हसवायचं?

स्टुडिओ म्हणजे बुलढाण्यातली एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. रेकॉर्डिंग करणारा पुण्याला शिकून आलेला, चेहऱ्याची इस्त्री न मोडणारा. मी गायलो, "जावईबापू, जेवण झालं, आता कुठं जाता?" आणि थांबलो.

"विसरलात का?"

"नाही हो. इथं लोक बोलतात."

आमच्याकडे गाणं कोणी मुकाट्यानं ऐकत नाही. ओळ टाकली की मांडवातून उत्तर येतं, मगच पुढची ओळ. सवयीनं मी कडव्या-कडव्याला थांबलो होतो. तो म्हणाला, त्या जागा कापू. मी कापू दिल्या नाहीत.

मग काय, लोक सीडी परत आणू लागले, "अटकून राह्यली" म्हणत. मोबाइलच्या दुकानातले भाई मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. तेही म्हणाले, "गाना अच्छा है, पर बीच में मर जाता है."

वेचणीच्या दिवसांत आमच्या शेतात वाचलेला कापूस वेचायला बाया आल्या. एकीनं कमरेला खोचलेल्या मोबाइलवर नेमकं तेच गाणं लावलं. बाबा पलीकडच्या ओळीत वाकलेले. मी मान खाली घालून झपाझप वेचू लागलो.

"जावईबापू, जेवण झालं, आता कुठं जाता?"

गाणं थांबलं. धन्याच्या धाकानं बायाही गप्प.

"ज्यानं तुयी हमी घेतली, त्याच्या घरी जाय ना बे!"

आवाज बाबांचा. मानाच्या जावयाला "बे"! बाया ओटीतला कापूस सांडेस्तोवर हसल्या. पुढच्या जागेत बाबांनी आणखी एक हाणली, मग आणखी एक, आणि शेवटी स्वतःच कंबर धरून हसत सुटले. मी पऱ्हाटीत तोंड लपवून रडलो, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी चहा पिताना ते आपणहून बोलले.

"पुढच्या खेपीले जागा मोठी ठेव. मायं बोलनं मावलं नाही."