जळगाव ते धुळे, विमानाने पंधरा मिनिटं

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वावरात विमान उतरणार असल्याचा निरोप माहेरहून आला, तेव्हा कपाशीची पहिली वेचणीही झालेली नव्हती. माझं सासर जळगावजवळ, केळीवाल्यांचं. मी यांना म्हटलं, "मला आजच धुळ्याला जायचंय."

"विमान बघायला?"

"नाही. कपाशी बघायला."

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. विमानतळ ना जळगावला होता, ना धुळ्याला. कुणी मोठे पुढारी येणार म्हटलं की सपाट जमीन शोधायची, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. जळगावची सभा आटोपून पुढारी अशाच एका पट्टीवरून उडणार होते आणि धुळ्याजवळ आमच्या वावरात उतरणार होते.

आम्ही सकाळची येष्टी धरली. आता या वाटेला दोन तास पुरतात. तेव्हा एरंडोलपर्यंत खडी आणि पुढे नुसता फुफाटा. पारोळ्याला गाडी रेंगाळली. स्टँडजवळ गरम भजी मिळाली. तिथला चहा मात्र कुणी घेऊ नये असाच होता. शेजारचे गृहस्थ हौसेने सांगत होते, "विमानाला पंधरा मिनिटं लागतात, बाई! आपण बसा धूळ खात." यांनी हसून मान डोलावली. मी उरलेली भजी कागदात गुंडाळून ठेवली.

धुळ्याहून टांग्याने गावी पोचलो, तर मला आमचं वावरच ओळखू येईना. बांध नाहीत, बोरीचं झाड नाही. एका कडेला बोंडांसकट उपटलेल्या कपाशीचा ढीग आणि त्याच्याजवळ आबा उकिडवे बसलेले.

"बठ्ठी कपाशी गयी, माय," ते म्हणाले.

"सगळी? तुम्ही नाही म्हणायचं होतं!"

"इचारं कोनी?"

मी तडक पट्टीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या तंबूत शिरले. म्हटलं, वेचणीपुरतं तरी थांबायचं होतं.

"बाई, मोटारीने तीन तास जातात. विमानाने पंधरा मिनिटं. साहेबांचा वेळ वाचतो," तो समजुतीने म्हणाला. "भरपाईचं बघू नंतर." यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव वावराच्या कडेला. जमीन आबांची, म्हणून हारही आबांच्या हाती दिलेला. ऊन डोक्यावर आलं तरी सगळ्यांच्या माना वर. मग रस्त्यावर धूळ उठली आणि मोटारी दिसल्या. विमान बिघडलं होतं, साहेब मोटारीनेच आले होते. एकही गाडी थांबली नाही. शेवटच्या जीपमधून कुणी तरी ओरडलं, "सभा शहरात आहे, तिकडे या!"

लोक पळाले. आबा हार धरून तसेच उभे. मी म्हटलं, "आबा, टाका तो." त्यांनी टाकला नाही.

परतीच्या गाडीत मी यांना सोडून पुढच्या बाकावर बसले. भरपाई आली नाही. रुळाखाली दबलेल्या त्या जमिनीत पुढे दोन वर्षं नांगर धड चालला नाही. या सगळ्याचा राग मला आजही येतो, पण जास्त सलतं ते वेगळंच.

पुढे एका लग्नात आबा पाव्हण्यांत बसले होते. मी पाणी घेऊन गेले, तर ते सांगत होते, "आम्ना वावरमा इमान उतरनं व्हतं."

"काय सांगस!" पाव्हणा चकित झाला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी तांब्या खाली ठेवला.

"हो, उतरलं होतं," मी म्हटलं, "मी होते तिथे."