उलथण्याची लाट

तोंडवलीच्या घरी मी रोज सकाळी चहा झाला की पडवीत तैलरंग घेऊन बसते. समोर समुद्र असतो आणि वर्षानुवर्षं मी तोच रंगवते. पण माझ्या लाटा पाहून लोक म्हणायचे, "अगदी तुमच्या चित्रकलेच्या सरांसारख्या!" ते ऐकून माझा चेहरा पडायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी रंग लावायची सुरी मुठीपाशी मोडली. हात तर ऐन रंगात आलेला. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि कोणी बघायच्या आत घावण्यांचं उलथणं उचलून आणलं. त्यावर निळा-हिरवा रंग थापला आणि कॅनव्हासवर जोरात ओढला. लाट अशी उसळली की मी मोठ्याने हसले. मग दुसरी ओढली, तिसरी ओढली. सरांचा त्यात मागमूस नव्हता! मी उलथणं नाचवत पडवीभर गिरक्या घेऊ लागले.

तेवढ्यात सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "गो, घावणो करपता! माझा उलथणा खंय आसा?"

मी ते पुढे धरलं. त्यांनी आधी उलथण्याकडे, मग चित्राकडे पाहिलं आणि त्या चक्क मागे सरल्या.

"अगो बाय माझे! दर्यो अंगावर इलो मगे!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. करपल्याचा वास आला, तरी हसू थांबेना. उरलेले घावणे त्यांनी बोटांनीच उलटले. संध्याकाळी आम्ही मालवणच्या बाजारात गेलो आणि लहानमोठी उलथणी घेऊन आलो. मोठी सगळी मी ठेवून घेतली.