हलता डबा आणि सुर्वेकाकांचं पिस्तूल

"मॅडम, डबा अजून हलला पाहिजे," मॉनिटरवरून मान न उचलता अनिकेत म्हणाला. अनिकेत आमचा दिग्दर्शक. "गाडीचे ब्रेक फेल आहेत. ही तर वऱ्हाड घेऊन निघाल्यासारखी चाललीय."

मी आर्ट डायरेक्टर. सिनेमात तुम्हाला घर, पोलीस स्टेशन, हॉस्पिटल म्हणून जे दिसतं, ते प्लायवूड आणि रंगातून उभं करायचं माझं काम. राहते बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. या वेळी अंबरनाथच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आम्ही रेल्वेचा डबा बांधला होता. निर्माते लालवानी शेठ, उल्हासनगरचे फर्निचरवाले. त्यामुळे प्लायवूड घरचंच. हीरोही घरचाच, शेठचा भाचा करण.

पहिल्याच मीटिंगमध्ये अनिकेतनं समजावलं होतं की ट्रेन थ्रिलरला ठरलेलं सामान लागतं. सीटखाली बॉम्ब, त्यावर उलटे पळणारे लाल आकडे, टपावर मारामारी, डब्यात एक गरोदर बाई आणि शेवटी तुटलेला पूल.

"बॉम्ब आहे तर पूल कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही डबा बघा."

डबा चालतो कसा, ते सांगते. चालतच नाही. चार कोपऱ्यांना खाली ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब ठेवतात. बाजूला बांबू घेऊन माणसं उभी राहतात आणि तालात डबा हलवतात. खिडक्यांबाहेरून दिवे पळवले की पडद्यावर गाडी सुसाट. डबा हलवायला बारवी धरणाकडच्या वाडीतली माणसं आणली होती. त्यांची मुकादम मंगळीताई. रोज हलवून हलवून ती वैतागली होती.

"बाय, ही गाडी चालली कुठं?"

"दिल्लीला."

"मंग पोचत कशी नाय?"

त्या दुपारी मोठा सीन होता. डबा प्रवाशांनी भरलेला. हे सगळे ज्युनियर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीत दिसायला रोजावर आणलेले लोक. मध्ये पिस्तूल घेऊन खलनायक. ते काम सुर्वेकाका करत होते. केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, नाट्यस्पर्धांत आयुष्य घालवलेले. त्यांनी ओरडायचं, "जागेवरून कोणी हलायचं नाही!" मग करणनं दारातून आत झेप घेऊन म्हणायचं, "घाबरू नका, मी आहे."

लोकांच्या तोंडावर भीती येईना. म्हणून अनिकेतला डबा जोरात हलायला हवा होता. मंगळीताईच्या माणसांनी जोर लावला. करण झेप घेऊन आत आला. त्याच क्षणी मागच्या कोपऱ्यातली ट्यूब फट्‌कन फुटली आणि डबा त्या बाजूला खचला.

"घाबरू नका," करण म्हणाला आणि आल्या दारानं बाहेर उडी मारून गेला.

दार नेमकं खचलेल्या कोपऱ्यातच होतं. करण गेलेला बघून सगळा डबा त्याच्यामागे जायला उठला. मंगळीताई आणि तिच्या माणसांनी त्या कोपऱ्याखाली बांबू आडवे घालून खांदे लावले होते. सगळी गर्दी तिकडे सरकली असती, तर डबा त्यांच्या अंगावर गेला असता. मी ओरडत होते. पण आत जो तो ओरडत होता, माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात सुर्वेकाकांचा आवाज शेडभर घुमला.

"जागेवरून कोणी हलायचं नाही!"

लोक होते तिथे गोठले. काकांनी पिस्तूल समोर धरलं होतं. रबराचं पिस्तूल. सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकानं हाताळून पाहिलेलं.

"एकेकानं उठायचं. कॅमेऱ्याच्या बाजूनं उतरायचं." त्या बाजूला भिंत नव्हतीच, शूटिंगसाठी उघडी ठेवतात. "पहिल्या तुम्ही, आजी. ए गरोदर, ती उशी सोड, दांडा धर."

खालून मंगळीताई म्हणाली, "काका, बिगीनं करा. आमी काय जॅक नाय."

पिस्तुलाच्या धाकानं डबा शिस्तीत रिकामा झाला. सगळ्यात शेवटी काका उतरले. मग खरा जॅक आला आणि मंगळीताईची माणसं बाहेर निघाली. कोणाला खरचटलंही नव्हतं. फक्त करणचा पाय मुरगळला होता.

मी काकांना पाणी दिलं.

"पिस्तूल कशाला रोखलंत?"

"हातात होतं," ते म्हणाले. "आणि 'कृपया शांत राहा' म्हटलं असतं, तर कोणी राहिलं असतं का?"

अनिकेत 'कट' म्हणायला विसरला होता. त्यामुळे सगळं शूट झालं होतं. एवढा खराखुरा सीन त्याला जन्मात मिळाला नव्हता. तो सोडायला तयार होईना. शेठनं फुटेज बघितलं.

"ये क्या है? मेरा भांजा भाग रहा है?"

"भाग नहीं रहा, शेठ. इंजिन की तरफ जा रहा है."

"इंजिन उधर है?"

"हो जाएगा."

डबिंगमध्ये, म्हणजे नंतर आवाज भरताना, करणच्या तोंडी वाक्य घातलं, "घाबरू नका, मी ड्रायव्हरला बघतो." खलनायक म्हाताऱ्यांना हात धरून उतरवतो कशाला, हा प्रश्न उरला. म्हणून शेवटी तो खलनायक नाही, वेष बदललेला पोलीस अधिकारी निघाला. गाडी तिथेच थांबल्यामुळे तुटलेला पूल रद्द झाला.

त्या दिवशी संध्याकाळीच करण लंगडत मंगळीताईकडे गेला होता. "ताई, माझे पाय आधी गेले. मी मागून गेलो."

"व्हतं असं," ती म्हणाली. "पन पुढच्या बारीला पाय आमच्यावर टाकू नको."

बदलापूरच्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. टपावरच्या मारामारीत लोक पॉपकॉर्न आणायला उठले. सुर्वेकाकांच्या सीनला शिट्ट्या पडल्या. शेठनं पुढच्या सिनेमात काकांना हीरोच्या बापाचं काम दिलं. त्यात ते पहिल्या दहा मिनिटांत मरतात, म्हणून काका नाराज आहेत.

हलत्या सेटला मी आता ट्यूब वापरत नाही, ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लावते. शूटिंगआधी सगळ्यांना उतरायचा रस्ता दाखवते. पण ते सांगायला खलनायकालाच उभं करते, मेकअपसकट. मी सांगायला लागले की लोक मोबाईल बघत बसतात.