वरच्या माळावरची झोप

रखमाबाई माळावर आडव्या झाल्या तेव्हा शरदचंद्र साहेबांना वाटलं, संपलं.

"अहो, पाणी आणा कुणीतरी. राजरत्न, तुझ्या आईला चक्कर आली."

"चक्कर नाही ओ सर," राजरत्नने पाठीवरची तंबूंची पिशवी उतरवली. "काम चालू झालंय तिचं. मध्ये बोलू नका, ओरडते."

चौसष्ट वर्षांच्या रखमाबाई चपला काढून, पदर खोचून, गवतावर उताण्या पडल्या होत्या. तंबू कुठे लावायचा हे ठरवायची त्यांची हीच रीत. आधी जमिनीला पाठ लावायची आणि उतार कुठे, दगड कुठे, ओल कुठून येते ते पाठीला विचारायचं. मग बाटलीतलं थोडं पाणी ओतून ते कुठे पळतं ते बघायचं. डोक्यावर वाळकी फांदी लटकत नाही ना, हेही बघायचं. आणि शेवटी वाळलेलं शेण शोधायचं. गुरं जिथे रवंथ करत बसतात तिथे वारा लागत नाही, असा त्यांचा सिद्धांत. "गाईने जागा पास केली," त्या म्हणायच्या, "मग माणसांनी नाटकं करायची नाहीत."

ही विद्या त्यांनी निम्मी लहानपणी गावात कमावली होती आणि निम्मी कॅन्टीनमध्ये. अंबरनाथच्या मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतींना खेटून त्यांचं घर. अठ्ठावीस वर्षं एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या आणि दुपारच्या अर्ध्या तासात मिळेल तिथे पाठ टेकली. कधी फरशीवर, कधी पिठाच्या गोणींवर, कधी तेलाच्या डब्यांवर टाकलेल्या फळीवर. अशा पाठीला सपाटी कळते. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका गुडघ्यांना तेल लावत बसल्या. रखमाबाईंना मुलाने डोंगरात नेलं.

म्हणजे न्यावंच लागलं. राजरत्न कंपनीत ऑपरेटर, पण शनिवार-रविवार लोकांना बदलापूरच्या पुढच्या डोंगरांत मुक्कामाला न्यायचं खूळ त्याने घेतलं होतं. तंबू उल्हासनगर कॅम्प पाचच्या मुकेशकडून शिवून घेतले. तो जीन्स शिवायचा, पण गॅरंटी तंबूचीही द्यायचा: "अम्मा, तूफान आया तो भी नहीं हिलेगा." जागा शोधायचं काम राजरत्नच्या बायकोचं, मनालीचं. ती फोनवरच्या नकाशात हिरवं आणि निळं जवळजवळ दिसलं की बोट ठेवायची. पण नकाशात उतार दिसत नाही. पहिल्याच मुक्कामाला प्रत्येक तंबूतली माणसं सकाळी खालच्या कोपऱ्यात सापडली, बरणीच्या तळाला बसलेल्या लोणच्यासारखी. पुढच्या शनिवारी रखमाबाई स्वतःहून पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या दोघांच्या शिक्षणाला काही अर्थ नाही," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून चार वर्षांत त्यांनी सात जागा पास केल्या होत्या आणि चाळीसएक नापास. एकीच्याही बाबतीत कुणी तक्रार केली नव्हती.

फक्त एका गावाकडे त्या फिरकल्या नव्हत्या. ते गाव म्हणजे धामणवाडी, त्यांचं स्वतःचं माहेर.

या वेळी घोळ झाला तो शरदचंद्र साहेबांमुळे. साहेब रखमाबाईंच्याच कंपनीतले निवृत्त ऑफिसर. त्यांना, त्यांच्या पत्नी माईंना आणि सोसायटीतल्या आठ जणांना चंदेरीच्या सुळक्यामागून उगवणारा सूर्य झोपेतून उठल्या उठल्या पाहायचा होता. मनालीने नकाशात जागा हुडकली. समोर सुळका, कडेला झरा आणि मध्ये ताटासारखा सपाट माळ. फोटो सासूसमोर धरला. रखमाबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"इथंच," त्या म्हणाल्या.

"आई, बघून तरी घे आधी," राजरत्न म्हणाला. "वारा असला तर?"

"बघितलाय. नऊ वर्षांची होते."

त्या वर्षी त्यांच्या समाजाच्या धर्मांतराला चौदा वर्षं झाली होती, पण धामणवाडीतल्या पाण्याला ते कुणी कळवलं नव्हतं. झरा माळाच्या कडेला उगवायचा. उगमाचं पहिलं पाणी वरच्या आळीचं, त्याच्या खाली गुरांचं, आणि गुरांच्या खालचं रखमाबाईंच्या वस्तीचं. एका उन्हाळ्यात खालचं पाणी आटलं म्हणून त्यांची आई पोरीला घेऊन वर आली, उगमावर हंडा भरला आणि क्षणभर माळावर टेकवला. तेवढ्यात पाटलांचा माणूस आला. त्याने हंडा पायाने उपडा केला. आई काही बोलली नाही. रिकामा हंडा डोक्यावर घेऊन उतरली. पुढे कारखाने निघाले, वस्तीतली माणसं एकेक करून अंबरनाथला गेली आणि घरांची नुसती जोती राहिली. पुढे आईही वारली. पण त्या दिवशी आई गप्प राहिली याचा वचपा म्हणून की काय, रखमाबाई नंतर जन्मात कधी गप्प बसल्या नाहीत. कॅन्टीनचे तीन मॅनेजर याची साक्ष देतील.

तेव्हा गोष्ट एवढीच होती. जिथे आईला हंडा टेकवू दिला नाही, तिथे रखमाबाईंना एक रात्र पाठ टेकवायची होती.

आणि आता ती पाठ टेकवून त्या पडल्या होत्या. नेहमी दोन मिनिटांत निकाल लागायचा. आज पाच झाली, सात झाली. डोळे मिटलेलेच.

एवढ्यात खालून मोटारसायकल फटफटत आली. वर बसलेला गडी पस्तिशी ओलांडलेला, गळ्यात शिट्टी. हा हरिचंद्र. जुन्या पाटलांचा नातू, आणि खालच्या तळ्याकाठच्या कॅम्पचा मालक. त्याच्या कॅम्पमध्ये रंगीत बल्बांच्या माळा होत्या, बाथरूम होतं, डीजे होता आणि एकमेकांना चिकटून लावलेले साठ तंबू होते, त्यामुळे शेजाऱ्याचं घोरणं सगळ्यांना सारखं मिळायचं.

"रामराम मावशी," तो म्हणाला. "झोपल्या काय?"

रखमाबाई उठून बसल्या. "जय भीम. कोण तू?"

त्याने नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. रखमाबाईंनी त्याला आपलं सांगितलं नाही.

"वरती मुक्काम नाय करत कोण," हरिचंद्र म्हणाला. "मनाई आहे."

"कुणाची?"

"म्हणजे... पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनंचं सोड. गायरान आहे हे. राजू, कागद दाखव त्याला."

राजरत्नने ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र काढलं. हरिचंद्रने ते वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली आणि परत दिलं. "कागद बरोबर आहे. पण माझं ऐका, खाली कॅम्पला चला. इथं संध्याकाळी डोंगराच्या घळीतनं वारा सुटतो. तंबू काय, दगड पण थांबत नाय. आमचे आजोबा होते ना, गाव त्यांचं, माळ त्यांचा, पण ते पण कधी झोपले नाय वर."

रखमाबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"तुमचं कुणी झोपत नव्हतं?"

"नाय."

"बसत होतं?"

"वाऱ्यात काय बसणार, मावशी?"

"मग आम्हाला कशाला अडवत होता?"

हरिचंद्रने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "तेव्हाचं मला काय ठाऊक. माझा जन्म अठ्ठ्याऐंशीचा," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारायला लागला. ती तिसऱ्या किकेला सुरू झाली. तोवर त्याला तिथेच उभं राहावं लागलं, हे एक बरं झालं.

तो गेला तसे सगळे रखमाबाईंकडे बघायला लागले. रखमाबाईंची खरी पंचाईत आता होती, कारण पाठीने निकाल केव्हाच दिला होता. गवताखाली वीतभरावर कातळ होता, तंबूची मेख जेमतेम चार बोटं गेली असती. अख्ख्या माळावर शेणाचा एक पो नव्हता, म्हणजे गाईनेही जागा नापास केलेली. झराही हाताच्या अंतरावर, आणि पाण्याला चिकटून तंबू लावणाऱ्या माणसांना रखमाबाई स्वतः अडाणी म्हणत. दुसरं कुठलं गाव असतं तर त्यांनी ही जागा बसल्या बसल्या फेटाळली असती.

"आई, बोल ना," मनाली हळूच म्हणाली. "पास?"

"नापास," रखमाबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे खाली चला."

त्यांनी सगळ्यांना झऱ्याच्या खालच्या अंगाला, शे-दीडशे पावलं लांब नेलं. तिथे पाच जुने आंबे होते आणि आंब्यांखाली घरांची जोती, दगडाची, गुडघाभर उंच. मागे टेकाडाची पाठ, त्यामुळे वाऱ्याला आत यायला वाटच नव्हती. सगळीकडे वाळलेलं शेण. माती मऊ. बाटलीतलं पाणी ओतलं तर ते जिथल्या तिथे बसलं. सुळका वरच्या माळावरून दिसत होता तेवढाच इथूनही दिसत होता, उलट आंब्याच्या फांद्यांच्या चौकटीत जरा जास्तच ऐटीत.

"ए वन," राजरत्न म्हणाला. "आई, ही कुणाची जागा?"

"आपली. ते तिसरं जोतं तुझ्या आजीचं." रखमाबाई जोत्याच्या दगडावर टेकल्या. "गावाने निवडून निवडून आम्हाला वाईट जागा दिली. एवढं पण धड जमलं नाही त्यांना."

माई हसल्या. मग आपण हसायचं होतं की नाही असं वाटून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

तंबू लागले. रखमाबाईंनी झऱ्यावर हात धुवायला निघालेल्या दोघांना परत फिरवलं: पाणी भरून आणा, हात इकडे लांब धुवा, खाली अजून गाव आहे. मग त्यांनी आपली पिशवी खांद्याला अडकवली, एक तंबू उचलून काखेत मारला आणि वरच्या वाटेला लागल्या.

"आता कुठे?" राजरत्न.

"झोपायला."

"अगं, तूच नापास केली ना जागा?"

"तुमच्यासाठी केली."

"आई, टेन्शन नको ना देऊस. कडाक्याची थंडी आहे, जानेवारी चालू आहे."

शरदचंद्र साहेबांना राहवलं नाही. ऑफिसर रिटायर झाला तरी समजावायची सवय रिटायर होत नाही. "रखमाबाई, जागा वाईट आहे हे तुम्हालाच कळलंय. मग हट्ट कशाला? सोडा."

"साहेब," रखमाबाई वळल्या, "वीस वर्षं तुमची पोळी वेगळ्या डब्यात, कडक भाजून यायची. मी कधी म्हटलं, हट्ट सोडा?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून होईपर्यंत माईंनी आपली शाल आणि उशी उचलली होती.

"तू कुठे निघालीस?" साहेब म्हणाले.

"वर. यांच्या सोबतीला."

"तुझा गुडघा?"

"चाळीस वर्षं तुमचं घोरणं ऐकलंय. वारा त्यापेक्षा काय करणार."

हरिचंद्र म्हणाला होता तसंच झालं. दिवस मावळला आणि घळीतून वारा सुटला. मुकेशची गॅरंटी साडेसातला संपली. तंबू खरंच हलला नाही, सरळ झोपला. दोघींनी काठ्या काढल्या, कापडाच्या कडांवर दगड ठेवले आणि तंबूच गोधडीसारखा पांघरून, पाठीला पाठ लावून पडून राहिल्या. एक दगड माईंच्या कमरेखाली होता, एक रखमाबाईंच्या. मध्ये कधीतरी माईंनी विचारलं, "झोप लागली का हो?" रखमाबाई म्हणाल्या, "कुणाची बिशाद आहे." मग त्यांनी हंड्याची गोष्ट सांगितली. राजरत्नलाही अर्धीच माहीत असलेली ती गोष्ट माईंनी वाऱ्याच्या आवाजात तीन ठिकाणी "काय?" विचारत पुरी ऐकली.

सकाळी खालची मंडळी छान झोप काढून उठली आणि त्यांच्या लक्षात आलं की चहाचं सामान खाली नाही. दूध, पातेलं, गॅसची शेगडी, सगळं रखमाबाईंच्या पिशवीत वर गेलेलं. तेव्हा सूर्य उगवायच्या आत अकरा माणसं कुरकुरत माळ चढली. शरदचंद्र साहेब सगळ्यांत मागे.

वारा पडला होता. रखमाबाईंनी उगमावर पातेलं भरलं होतं, अगदी पहिल्या पाण्यात बुडवून. भरलेलं पातेलं त्यांनी माळाच्या मधोमध जमिनीवर टेकवलं आणि ते तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग शेगडी पेटवली. केस विस्कटलेले, डोळे लाल, कंबर एका बाजूला धरलेली. चंदेरीमागून सूर्य आला तेव्हा त्यांची त्याच्याकडे पाठ होती, कारण दूध उतू जात होतं.

हरिचंद्र मोटारसायकल न आणता चालतच आला. चपटा झालेला तंबू त्याने बघितला, दोघी म्हाताऱ्या बघितल्या, आणि तोंडावर आलेलं हसू गिळून विचारलं, "काय मावशी, लागली का झोप?"

"एक मिनिट नाही."

"सांगितलं होतं मी."

"तू सांगितलंस, तुझ्या आजोबांनी सांगितलं," रखमाबाईंनी चहाचा ग्लास त्याच्यापुढे धरला. "घे. उगमाचा आहे. जागा वाईटच आहे, हरिचंद्रा. पण ती वाईट आहे हे मी झोपून ठरवलं."

त्याने ग्लास हातात घेतला. मग फुंकर मारली आणि प्यायला. "साखर जास्त पडली," म्हणाला.

"कॅन्टीनचं प्रमाण आहे. सवय कर."

मनाली फोन काढून बसली होती. नेहमीप्रमाणे नकाशावर जागांची खूण करायची होती. खालच्या आंब्यांना तिने नाव दिलं, 'आजीचं जोतं', आणि पाच तारे. मग तिचं बोट माळावर थांबलं.

"आई, याचं काय? नापास म्हणून काढून टाकू?"

"काढतेस कशाला," रखमाबाई म्हणाल्या. त्या पुन्हा गवतावर आडव्या झाल्या होत्या, या वेळी कुणीही पाणी आणायला धावलं नाही. "लिही. वारा फार, खाली कातळ, झोपायला वाईट."

मनालीने लिहिलं. "झालं?"

"पुढे लिही, मनाई नाही."